सिस्टरांचा वॉर्ड

स्मरणिका म्हटली की पहिली आठ-दहा पानं ठरलेली: बिशपसाहेबांचा शुभसंदेश, अध्यक्षांचं मनोगत, कार्यकारिणीचा दोन रांगांतला फोटो, देणगीदारांची यादी. आपल्या अंकात यातलं फारसं काही छापता येणार नाही. ए.ए. (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट) काय किंवा अल-अनॉन (त्यांच्या घरच्यांचे गट) काय, इथे नावं उघड करायची नाहीत, अध्यक्ष कुणी नसतो आणि बाहेरची देणगीही घेत नाहीत. त्यामुळे संपादकांनी 'संस्थेचा इतिहास लिहा' म्हटलं, तेव्हा आपल्या गटाचा इतिहास अर्ध्या पानात आटोपला. चर्चचा हॉल मिळाला, चहाचं मोठं पातेलं घेतलं, माणसं आली, काही टिकली, काही गेली. झालं.

पण नव्याने आलेली प्रत्येक बाई आपल्याला काही प्रश्न विचारतेच. नवऱ्याचं कर्ज फेडू नका असं का सांगता? त्याला मिटिंगला तुम्हीच घरी येऊन का नेत नाही? ख्रिस्ती माणसं ना तुम्ही, मग असे कोरडे कसे? या प्रश्नांची उत्तरं ज्या रीतींमध्ये आहेत, त्या रीतींचा इतिहास मात्र मोठा आहे. त्यातला बराचसा अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ॲक्रन गावच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या एका लहानशा वॉर्डात घडला. म्हणून हा लेख त्या वॉर्डाचा.

ॲक्रन म्हणजे रबराचं गाव. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच या टायर कंपन्या तिथल्याच. फायरस्टोन घराण्यातला एक मुलगा दारूत बुडाला होता आणि सॅम शूमेकर नावाच्या एपिस्कोपल धर्मगुरूंच्या सहवासात तो सावरला. त्या आनंदात थोरल्या फायरस्टोनसाहेबांनी 1933 साली 'ऑक्सफर्ड ग्रुप'च्या मंडळींना गावात बोलावलं. फ्रँक बुकमन या लुथरन पाळकाने चालवलेली ही चळवळ. आपले दोष दुसऱ्या माणसासमोर कबूल करायचे, ज्यांचं नुकसान केलं त्यांच्याकडे जाऊन भरपाई करायची, सकाळी शांत बसून देवाचं ऐकायचं, असा तिचा साधा क्रम. गावातले शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ आणि त्यांच्या पत्नी ॲन या मंडळींत जाऊ लागले. डॉक्टर प्रार्थनेला बसायचे, बायबल वाचायचे आणि घरी येऊन प्यायचे. अशी अडीच वर्षं गेली. नुसत्या भक्तीने दारू सुटते असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही अडीच वर्षं ध्यानात ठेवावीत.

मे 1935 मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस एका सौद्यासाठी ॲक्रनला आला. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. सौदा फिसकटला. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एकीकडे बार आणि दुसरीकडे टेलिफोन, त्याच्याजवळ गावातल्या चर्चेसची यादी. तो फोनकडे वळला. वॉल्टर टंक्स या धर्मगुरूंना त्याने फोन लावला आणि त्यांच्यामार्फत हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला. बाईंनी मातृदिनाच्या संध्याकाळी त्याची डॉक्टरांशी गाठ घालून दिली. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर सहा तासांहून जास्त बसले. पुढे एकदा ते घसरलेही. 10 जून 1935 ला त्यांना शस्त्रक्रिया करायची होती आणि हात थरथरत होते, म्हणून बिलनेच त्यांना बिअरची एक बाटली दिली. ती शेवटची. ए.ए. आपला जन्मदिवस याच तारखेला धरते.

पुढचा भाग समारंभात सहसा कुणी सांगत नाही. आपल्या दृष्टीने मात्र तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

दोघेही उत्साहात होते. बिल डॉक्टरांच्याच घरी राहत होता. त्यांनी एक तरुण बेवडा हाती घेतला आणि त्याला घरात ठेवून घेतलं. त्याला खाऊपिऊ घातलं, त्याच्याबरोबर प्रार्थना केली, पाळत ठेवली. दारूने पोखरलेल्या शरीराला डॉक्टर आंबवलेली कोबी, टोमॅटो आणि मक्याचा पाक खायला घालत. तेव्हाची ती समजूत. गडी खिडकीतून पाण्याच्या पाइपावरून उतरून पळायचा. एकदा त्याने ॲनबाईंवर सुरी उगारली. काही केल्या तो सुधारला नाही. न्यूयॉर्कला परतल्यावर बिल आणि त्याची बायको लोइस यांनी तोच प्रयोग ब्रुकलिनच्या आपल्या घरात मोठ्या प्रमाणावर केला. दारुडे वरच्या मजल्यावर, तळघरात, जिथे जागा मिळेल तिथे. घर चालायचं लोइसच्या पगारावर. त्यातल्या एकाने बिलचे कपडे विकून दारू ढोसली आणि शेवटी त्याच घरात आत्महत्या केली. फुकट अन्न, फुकट छप्पर आणि अखंड काळजी मिळालेल्या त्या माणसांपैकी तिथे राहताना सोबर झालेलं जवळपास कुणीच नव्हतं, हे पुढे दोघांनीही मान्य केलं. ॲक्रनचा तो सुरीवाला? 1950 साली डॉक्टर वारले, तेव्हा तो अंत्यविधीला आला होता. वर्षभर सोबर होता.

आता सिस्टर इग्नेशिया.

जन्म 1889 सालचा, आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातला. मूळ नाव डेला गॅव्हिन. लहानपणीच घरच्यांबरोबर अमेरिकेला आल्या आणि 1914 मध्ये 'सिस्टर्स ऑफ चॅरिटी ऑफ सेंट ऑगस्टिन' या धर्मभगिनी संघात दाखल झाल्या. त्या संगीत शिकवायच्या. कामाचा ताण इतका वाढला की त्या पार कोलमडल्या, शरीराने आणि मनानेही. बऱ्या झाल्या, पण संगीताचा वर्ग कायमचा सुटला. 1928 मध्ये संघाने ॲक्रनला सेंट थॉमस हॉस्पिटल काढलं आणि तिथल्या दाखलखात्याच्या टेबलाशी त्यांना बसवलं. जेमतेम पाच फुटांची, नाजूक प्रकृतीची बाई. कोण आत यायचं आणि कोण नाही, हे ठरवणारी खुर्ची तिच्याकडे आली. कोसळणं म्हणजे काय हे ठाऊक असलेलं माणूस त्या टेबलाशी बसलं, हा मी देवाचा हात मानतो. इतरांनी योगायोग म्हणावा.

त्या काळी इस्पितळं दारुड्यांना दाखल करून घेत नसत. ते आरडाओरडा करतात, बिल बुडवतात, महिन्याभरात पुन्हा तसेच दारात. डॉ. बॉबना ठिकठिकाणी नकार मिळाला होता. 16 ऑगस्ट 1939 रोजी ते सिस्टरांकडे आले आणि एका माणसाला ठेवून घ्या म्हणाले. दाखल्याच्या कागदावर रोगाचं नाव पडलं 'ॲक्यूट गॅस्ट्रायटिस', म्हणजे जठराचा दाह. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आणखी एक मागणी केली: याला भेटायला माणसं येतील, निवांत बोलता येईल अशी जागा द्या. इस्पितळात एकही खोली मोकळी नव्हती. रुग्णांना आलेल्या गुलदस्त्यांची पाणी घालून मांडामांड करायची एक खोली होती, फ्लॉवर रूम. त्या फुलांच्या खोलीत सिस्टरांनी खाट ढकलली.

आपल्या गटातल्या बायका हा किस्सा ऐकून हसतात. सोमवारी सकाळी कंपनीत फोन करून 'ह्यांना जुलाब होतायत' सांगणारी बाई आणि कागदावर जठरदाह लिहिणारी सिस्टर यांत फरक तो काय? मला वाटतं फरक आहे, आणि तो खोट्याच्या दिशेचा आहे. बायकोच्या खोट्यामुळे नवऱ्याला रविवारच्या पिण्याचे परिणाम भोगावे लागत नाहीत. सिस्टरांच्या खोट्यामुळे तो माणूस अशा माणसांच्या हाती पडला, जी त्याला खरं बोलायला लावणार होती. शिवाय ते खोटं फार दिवस चाललं नाही. सिस्टरांनी वरिष्ठांच्या कानावर घातलं, एका तरुण धर्मगुरूंना मिटिंगला पाठवून हे लोक नेमके कोण आहेत याची खात्री करून घेतली, आणि थोड्याच काळात हे काम उघडपणे, हॉस्पिटलच्या संमतीने सुरू झालं. कॅथलिक इस्पितळ, प्रॉटेस्टंट डॉक्टर आणि दोघांच्या मध्ये दारुडे. 1939 मध्ये हे साधं नव्हतं.

वॉर्ड मोजक्या खाटांचा. चॅपेलच्या माडीला लागूनच, म्हणजे झग्यावरच उठून कुणालाही जाऊन बसता यावं. कोपऱ्यात कॉफीचं भांडं सदैव गरम. मुक्काम पाच दिवसांचा, आणि प्रत्येक दिवसाला सिस्टरांनी नाव दिलेलं: स्वागताचा, जाणिवेचा, स्वतःचा हिशेब मांडण्याचा, निश्चयाचा आणि पुढच्या बेताचा. डॉक्टर या रुग्णांकडून फी घेत नसत. 1950 पर्यंत दोघांच्या हातून जवळजवळ पाच हजार माणसं गेली.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की आतला कारभार मायेचा आणि सैल असणार. माया होतीच. सैलपणा नावालाही नव्हता. ए.ए.चा एखादा जुना सभासद, ज्याला आपण स्पॉन्सर म्हणतो, तो बरोबर घेऊन येईल त्यालाच प्रवेश. बायकोने, आईने किंवा मालकाने आणून टाकलेल्याला नाही. आधी स्पॉन्सरने त्याच्याशी बोलून विचारायचं: दारू सोडायची आहे का तुला? बायकोला खूश करायला, नोकरी वाचवायला किंवा कोर्टाची तारीख चुकवायला आला असेल, तर थांब म्हणायचं. भेटीला येणार ते फक्त ए.ए.चे सभासद. नातेवाइकांना मज्जाव. घरून निरोप नाही, फोन नाही, डबा नाही. दुपारपासून रात्रीपर्यंत एकामागून एक अनोळखी माणसं येऊन खाटेशी बसायची आणि स्वतःची कथा सांगायची. उपदेश कुणी करायचा नाही.

आणि सगळ्यात कडक नियम: सर्वसाधारणपणे एकदाच. इथून जाऊन पुन्हा प्यायलेल्याला त्या वॉर्डात दुसऱ्यांदा खाट नाही. मिटिंगचं दार त्याला कायम उघडं. खाट मात्र पुढच्या माणसाची. परत परत येणाऱ्यांना बघून नव्या रुग्णाचा धीर खचतो, आणि खाट हक्काचीच आहे असं एकदा वाटलं की तीही पिण्याच्या सोयींपैकी एक होऊन बसते, असं त्यामागचं गणित.

पाचव्या दिवशी निघताना सिस्टर प्रत्येकाच्या हातात येशूच्या पवित्र हृदयाचा एक छोटा बिल्ला ठेवायच्या. आपल्याकडे आजी पोराच्या सदऱ्याला आतून टाचते तसला. आणि अट सांगायच्या: पुन्हा प्यावंसं वाटलं तर पी, पण पहिला घोट घ्यायच्या आधी इथे येऊन हा मला परत कर. त्यात शाप नव्हता, शपथ नव्हती, नरकाची भीतीही नव्हती. निर्णय त्याचा त्यालाच घ्यायचा होता, फक्त तो घ्यायला त्याला सिस्टरांच्या टेबलापर्यंत चालत यावं लागणार होतं. आज ए.ए.च्या मिटिंगमध्ये सोबर महिन्यांची, वर्षांची नाणी देतात. त्या प्रथेची एक मुळी या बिल्ल्यापर्यंत जाते असं मानतात.

हे सगळं ख्रिस्ती कसं, असा प्रश्न आपल्याला येतो आणि प्रामाणिकपणे येतो. आपल्याकडे पिणाऱ्याच्या बायकोला पिढ्यान्‌पिढ्या एकच सांगितलं गेलं: हा तुझा क्रूस आहे, वाहा. सोसत राहणं म्हणजे पुण्य आणि हिशेब मागणं म्हणजे अहंकार. पापमोचनालाही तिनेच जायचं, कारण रागावून नवऱ्याला बोलली म्हणून. यात नवऱ्याच्या आत्म्याचा विचार कुणी केला, हे मला कधी कळलं नाही.

सिस्टरांचा संघ संत ऑगस्टिनच्या नावाचा, म्हणून त्याच्या आईची गोष्ट इथे सांगणं योग्य होईल. संत मोनिका म्हणजे वाया गेलेल्या पोरांच्या आयांची आश्रयदाती. 27 ऑगस्टला तिचा सण. तिचे अश्रू आपल्याला पाठ आहेत. बाकीचं फारसं कुणी सांगत नाही, आणि ते खुद्द ऑगस्टिननेच लिहून ठेवलंय. लहानपणी पिंपातून द्राक्षारस आणायला पाठवलं की मोनिका एक घोट घ्यायची. घोटाचे पेले झाले. एका दासीने भांडणात तिला तोंडावर दारुडी म्हटलं आणि ते इतकं झोंबलं की सवय तिथेच सुटली. समजूत घालून सुटली नाही. पुढे ऑगस्टिन भलत्या पंथाच्या नादी लागला, तेव्हा याच आईने त्याला घरात घ्यायचं आणि आपल्या पानावर बसवायचं नाकारलं. रडत रडत नाकारलं. एका बिशपांकडे जाऊन ती विनवू लागली की तुम्ही माझ्या पोराशी वाद घाला, त्याला पटवा. बिशपांनी नकार दिला. सध्या त्याला असू दे, तू प्रार्थना कर, त्याचं त्याला वाचता वाचता कळेल, असं त्यांचं म्हणणं. तिने परत परत गळ घातली तेव्हा ते वैतागले सुद्धा. ऑगस्टिन शेवटी परतला आणि बिशप झाला. पण ताट काढून घेतलं त्या दिवशी तो परतेल की नाही, हे मोनिकाला ठाऊक नव्हतं. आपल्या बायकांनाही ते ठाऊक नसतं. हा हिशेब चोख सुटतोच असं कुणी भासवू नये.

आता घरच्यांबद्दल. ए.ए.च्या सुरुवातीच्या दिवसांत पुरुष हॉलमध्ये बसायचे आणि त्यांच्या बायका स्वयंपाकघरात कॉफी करत वाट बघायच्या. लोइस विल्सनने नवऱ्याच्या दारूसाठी सतरा वर्षं जीव टाकला होता. तो सोबर झाला आणि रोज उठून मिटिंगला पळू लागला. एके रविवारी 'चल, उशीर होईल' म्हणाला, तशी तिने हातातला बूट त्याच्यावर फेकला. मग तिचं तिलाच नवल वाटलं, की दारू सुटली तरी माझा राग का सुटत नाही? त्याला वाचवणं हेच आपलं आयुष्य होऊन बसलं होतं, हे तिच्या लक्षात आलं. स्वयंपाकघरातल्या या बायका एकमेकींशी बोलू लागल्या. 1951 मध्ये लोइस आणि ॲन बी. या तिच्या मैत्रिणीने ठिकठिकाणच्या अशा गटांना पत्रं लिहून एकत्र आणलं आणि अल-अनॉन उभं राहिलं. सावरण्याच्या बारा पायऱ्या ए.ए.च्याच. फक्त 'माझी सत्ता चालत नाही' ही कबुली इथे दुसऱ्याच्या पिण्याबद्दल द्यायची.

आपल्या मिटिंगमध्ये या कबुलीचं रूप अगदी घरगुती असतं. एक बाई रात्री दारात पडलेल्या नवऱ्याला उचलून, धुऊन, पलंगावर निजवायची. सकाळी त्याला काहीच आठवायचं नाही आणि त्याच्या लेखी काही घडलेलंच नसायचं. मिटिंगमध्ये ऐकून तिने एवढंच बदललं: त्याला कुशीवर वळवलं, उलटी घशात अडकू नये म्हणून, अंगावर चादर टाकली आणि होता तिथेच राहू दिला. पहाटे दूधवाल्याने त्याला पाहिलं. पाव घेऊन जाणाऱ्या शेजाऱ्याने पाहिलं. त्या दिवशी घरात फार मोठं भांडण झालं. पुढचं सांगत नाही, कारण ते दोघांचं आहे. पण ती चादर मला फार महत्त्वाची वाटते. तिने त्याला टाकून दिलं नव्हतं. त्याच्या कालच्या रात्रीवर पांघरूण घालायचं तेवढं सोडलं होतं.

पैशांचंही तसंच. पतपेढीचा हप्ता, गुत्त्याची उधारी, मित्राकडून उसने घेतलेले. आई दागिना मोडते, भाऊ आखातातून पैसे पाठवतो. मुलांची फी शाळेत थेट भरा, किराणा दुकानात थेट द्या, औषधाचं बिल चुकतं करा. पिणाऱ्याच्या हातात आणि पिण्याच्या कर्जात पैसा जाऊ देऊ नका. सिस्टरांच्या वॉर्डात कॉफीला किंमत नव्हती, पण खाटेला नियम होता. तीच वाटणी आपण करतो.

एका बाबतीत मात्र सिस्टरांच्या मागे डोळे मिटून जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. 'एकदाच' हा नियम त्या काळाचा आणि मोजक्या खाटांचा होता. व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे, हे आज डॉक्टर सांगतात आणि आपणही पाहतो. शिवाय जुन्या पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर झटके येतात, भास होतात, जीवही जाऊ शकतो. अशा वेळी तो कितव्यांदा आला हे न मोजता आधी दवाखाना गाठायचा. घरात मारहाण असेल तर बाई आणि मुलं आधी सुरक्षित जागी, मग बाकीचा विचार. अंतर राखण्याच्या नावाखाली कुणी माणसाला मरू देऊ लागला, तर त्याने आपल्या रीतींचा अर्थच चुकीचा लावला.

1950 साली डॉ. बॉब गेले. 1952 मध्ये सिस्टरांची बदली क्लीव्हलंडच्या सेंट व्हिन्सेंट चॅरिटी हॉस्पिटलला झाली. तिथे नवा वॉर्ड उभारताना गावातले ए.ए.वाले सुतार, प्लंबर, रंगारी आपापली हत्यारं घेऊन आले. सिस्टरांनी नाव ठेवलं 'रोझरी हॉल सोलॅरियम'. त्याची इंग्रजी आद्याक्षरं रॉबर्ट हॉलब्रुक स्मिथ या डॉक्टरांच्या पूर्ण नावाचीही होती. जपमाळेच्या आडून प्रॉटेस्टंट मित्राचं नाव कॅथलिक भिंतीवर लागलं. सिस्टर 1 एप्रिल 1966 ला वारल्या. 2022 मध्ये त्या इस्पितळाने रुग्ण दाखल करून घेणं थांबवलं.

आपल्याकडे हा ओघ मुंबईमार्गे आला. 1981 मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं. ते स्वतः ए.ए.तून सावरलेले धर्मगुरू आणि बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. त्यामुळे बारा पायऱ्यांच्या जोडीला तिथे योगासनं आली. काही पाळकांच्या भुवया उंचावल्या असतील, पण ॲक्रनच्या फुलांच्या खोलीत एवढं तरी कुठे कुणाला विचारून सुरू झालं होतं! 1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण उभं केलं. ते कुठल्या धर्माचं नाही, पण घरच्या बायकांना वेगळं बसवून बोलतं करायचं, हे तिथेही ओळखलं गेलं.

संपादकांनी शेवटी 'आगामी संकल्प' लिहायला सांगितलेत. आपल्याकडे इमारत फंड नाही, त्यामुळे संकल्पही एकच आहे आणि त्यावर गटात अजून एकमत व्हायचंय. लग्नाच्या हॉलमागे पाहुण्यांसाठी बाटल्यांचं टेबल लागतं, तिथे पॅरिशच्या संघटनांनी देणगी म्हणून पेट्या द्याव्यात का, हा विषय पॅरिश कौन्सिलपुढे मांडायचा. निम्मे म्हणतात मांडू, निम्मे म्हणतात बाहेरच्या वादात पडायचं नाही, हीही आपलीच परंपरा. ज्यांना बोलायचंय त्यांनी पुढच्या मिटिंगला अर्धा तास आधी यावं. चहा असेल.